खोट, स्वभाव आणि वारा : नवशिक्यांच्या हेलिकॉप्टर-पुस्तिकेची प्रस्तावना

विरारमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी माझे पहिले रिमोटचे हेलिकॉप्टर उचलले, तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी दक्षिणेकडे तोंड करून उभा होतो. यंत्राची शेपटी माझ्याकडे होती आणि समुद्र उजव्या हाताला. यंत्र वीतभर वर आले आणि डावीकडे सरकू लागले. सोबतच्या माहितीपत्रकात एकच ओळ होती : यंत्र डावीकडे जात असेल तर उजवे ट्रिम द्यावे. मी उजव्या ट्रिमचे बटण दाबत गेलो. ट्रिम अगदी शेवटच्या टोकाला पोचले, तेव्हा कुठे यंत्र जागेवर थांबल्यासारखे वाटले. मी खूश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, वारा पूर्ण पडलेला असताना, त्याच ट्रिमवर यंत्र पुन्हा उचलले. ते उजवीकडे झेपावले आणि पाण्याच्या टाकीवर आदळले. दोन्ही पाती तुटली, शेपटीचा दांडा वाकला.

त्या दिवशी मोडके यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून मी पहिल्यांदा ते नीट पाहिले. खिडकीच्या ग्रिलची आडवी पट्टी मागे धरून समोरून नजर लावली, तर पात्यांखालची स्वॅशप्लेट नावाची तबकडी डावीकडे कललेली दिसली. तिला जोडलेल्या बारीक दांड्यांपैकी, म्हणजे लिंकांपैकी, एक दीड फेरा आखूड होती. म्हणजे डावीकडच्या सरकण्याचा एक हिस्सा या खोटीतून आला होता. दुसरा हिस्सा शेपटीच्या पंख्याचा होता. शेपटीचा पंखा असलेले कोणतेही हेलिकॉप्टर थोडेसे बाजूला सरकतेच, तो त्याचा स्वभाव आहे. उरलेला हिस्सा समुद्राकडून, माझ्या उजव्या बाजूने येणाऱ्या संध्याकाळच्या वाऱ्याचा होता. तीन वेगळी कारणे होती आणि मी ती तिन्ही एकाच बटणाखाली दडपली होती. सकाळी वारा नव्हता, म्हणून वाऱ्यासाठी दिलेले ट्रिम यंत्राला टाकीवर घेऊन गेले.

ही पुस्तिका त्या टेबलावर सुरू झाली. तिचे सांगणे थोडक्यात असे : हेलिकॉप्टर सरकले तर आधी विचारावे, ही खोट आहे, स्वभाव आहे, की वारा आहे? खोट टेबलावर हाताने काढायची. स्वभाव समजून घेऊन सांभाळायचा. वारा पडेपर्यंत थांबायचे. एवढे करून जे उरेल, त्या चिमूटभर सरकण्यासाठी ट्रिम असते. नवशिक्यांची बहुतेक यंत्रे मोडतात ती हा क्रम उलटा झाल्यामुळे.

ट्रिम म्हणजे नेमके काय, हे इथेच सांगतो, कारण पुढे हा शब्द पानोपानी येणार आहे. रिमोटच्या प्रत्येक स्टिकशेजारी एक छोटी पट्टी किंवा दोन बटणे असतात. स्टिक मधोमध सोडली असताना यंत्राला कोणता संदेश जावा, हे त्यांनी ठरते. ट्रिमचा एक टिक दिला की स्टिकचा मध्य किंचित सरकतो. बोटाने स्टिक सतत थोडी दाबून धरण्याचे काम ट्रिम तुमच्याऐवजी करते. यापलीकडे त्याला काही येत नाही. वाकलेला दांडा ते सरळ करत नाही आणि सैल सांधा घट्ट करत नाही. ते फक्त चूक झाकते. आणि झाकलेली चूक भलत्या वेळी उघडी पडते.

आता यंत्राची ओळख. डोक्यावरचा मोठा पंखा हवा खाली ढकलतो आणि यंत्राला उचलतो. पण भिंतीत ड्रिल मारताना मशीन जसे मनगटाला उलटा पीळ देते, तसा हा पंखा फिरताना यंत्राच्या अंगाला उलट्या दिशेने फिरवू पाहतो. तो पीळ थोपवायला शेपटीला छोटा पंखा दिलेला असतो. वर-खाली जाण्यासाठी थ्रॉटल, नाकाचा रोख डावी-उजवीकडे वळवण्यासाठी रडर, पुढे-मागे झुकण्यासाठी एलिव्हेटर आणि बाजूला झुकण्यासाठी एलेरॉन, असे चार हुकूम दोन स्टिकवर वाटलेले असतात. आपल्याकडे बहुधा 'मोड २' रिमोट मिळतो. त्यात डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर असतात, उजव्या स्टिकवर एलिव्हेटर आणि एलेरॉन. उजव्या स्टिकचा हुकूम सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरींकडे जातो, त्या बारीक लिंकांनी स्वॅशप्लेट झुकवतात, आणि स्वॅशप्लेट जिकडे झुकते तिकडे यंत्र जाते. हेलिकॉप्टरच्या जुळवणीतले निम्मे काम या रुपयाएवढ्या तबकडीभोवती असते.

पहिले यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात एकाच दांड्यावर एकाखाली एक असे दोन पंखे उलटसुलट फिरतात. त्यांचा पीळ एकमेकांत जिरतो, म्हणून शेपटीच्या पंख्याची गरज उरत नाही. ते घरात शांत उभे राहते, पण बाहेर झुळूकही त्याला वाहून नेते. दुसऱ्यात एक मोठा पंखा आणि एक शेपटीचा पंखा असतो, पात्यांचा कोन पक्का असतो आणि उंची पंख्याच्या वेगाने बदलते. तिसऱ्यात पंखा एकाच वेगाने फिरतो आणि पात्यांचा कोन बदलून उंची बदलते. हे यंत्र उलटेसुद्धा उडू शकते आणि डोळा लवण्याआधी जमिनीत घुसू शकते. ही पुस्तिका दुसऱ्या प्रकारासाठी लिहिली आहे. पहिल्यात शिकण्यासारखे लवकर संपते, तिसऱ्यात शिकण्याआधी पैसे संपतात.

या छंदाला खेळणे म्हणणाऱ्यांना मी आर्थर यंग यांची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या या संशोधकाने १९२८ पासून हेलिकॉप्टरच्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि तो सगळा छोट्या मॉडेलांवर. पेनसिल्व्हेनियातल्या पाओली इथे एका जुन्या कोठारात ते विजेवर चालणारी मॉडेले उडवत, तारेने त्यांना हुकूम देत, ती कोसळली की दुरुस्त करत. पंख्याला काटकोनात, टोकांना वजने असलेली एक दांडी जोडली तर यंत्र स्थिर राहते, हा त्यांना सापडलेला उपाय. १९४१ मध्ये ते आपले मॉडेल घेऊन बेल कंपनीत गेले. त्यातून आलेले बेल ४७ हे हेलिकॉप्टर ८ डिसेंबर १९४५ रोजी उडाले आणि ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळवणारे ते जगातले पहिले हेलिकॉप्टर ठरले. इथे मोठ्या यंत्राची नक्कल म्हणून मॉडेल आले नाही. मॉडेलच्या अंगाने मोठे यंत्र घडले.

रेडिओवर चालणारे, हवेत खरोखर ताब्यात राहणारे मॉडेल मात्र यायला आणखी दोन दशके लागली. जर्मनीतल्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास ते करून दाखवले आणि पुढे त्यांच्या हेलिकॉप्टरांचे संच जगभरच्या छांदिष्टांच्या टेबलांवर पोचले. यंग यांची दांडी आणि स्टॅनली हिलर यांच्या छोट्या वल्ह्यासारख्या पट्ट्या यांचा मेळ घालून केलेला 'फ्लायबार' कित्येक वर्षे बहुतेक मॉडेलांच्या डोक्यावर दिसत असे. आता त्याची जागा यंत्राचे वळणे ओळखून ते सावरणाऱ्या नखाएवढ्या इलेक्ट्रॉनिक जायरोने घेतली आहे. रेडिओही बदलला. पूर्वी प्रत्येकाच्या रिमोटमध्ये ठरावीक स्फटिक असे आणि मैदानावर दोघांचा स्फटिक एकच निघाला, तर एकाचे यंत्र हमखास पडे. २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आले आणि ही भीती गेली. भारतात या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून परवान्याची अट नाही.

मग आजच्या ड्रोनच्या काळात हेलिकॉप्टर कशाला? प्रश्न रास्त आहे. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीपाशी तरंगणारे चार पंख्यांचे यंत्र आपण सगळ्यांनी पाहिले. ते बनवणारी 'आयडियाफोर्ज' ही पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये काढलेली नवी मुंबईची कंपनी. तिची ड्रोन पुढे लष्करापर्यंत पोचली. मला त्याचा अभिमान आहे. पण दुकानातून आणलेले ड्रोन स्वतःच स्वतःला सावरते. स्टिक सोडली तरी ते जागेवर उभे राहते, आणि का उभे राहिले हे उडवणाऱ्याला कळत नाही. हेलिकॉप्टर काहीच लपवत नाही. लिंक अर्धा फेरा चुकली तर ते सांगते, बॅटरी बोटभर मागे बसली तर सांगते, एक पाते दुसऱ्यापेक्षा किंचित जड असेल तर थरथरून सांगते. ज्याला यंत्र समजून घ्यायचे आहे, त्याला यापेक्षा बोलका गुरू परवडणाऱ्या किमतीत मिळणार नाही. वसईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणारी किंवा वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत लेथवर हात बसवणारी आपली मुले या गुरूकडे आली, तर ती दुप्पट वेगाने शिकतील, कारण मापाची आणि सरळ-काटकोनाची नजर त्यांच्याकडे आधीपासून असते.

पुस्तिकेचा पहिला भाग टेबलावरच्या कामाचा आहे आणि तोच सर्वांत लांब आहे. यंत्र उडवण्याची घाई असलेल्या वाचकाला तो कंटाळवाणा वाटेल. तरी तो ओलांडू नका. आधी वजनाचा मध्य पाहायचा. पंख्याच्या डोक्याला दोन बोटांनी धरून, पाती शेपटीला काटकोनात ठेवून यंत्र उचलायचे. ते सपाट राहिले किंवा नाक किंचित खाली गेले तर ठीक. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. वजन जागेवर नसताना ट्रिमला हात लावणे म्हणजे एका पल्ल्यात दगड असलेल्या तराजूने माल तोलणे.

मग सर्व्हो. रिमोट आणि यंत्र चालू करून, सगळी ट्रिम शून्यावर आणून, सर्व्होचे हात लिंकांशी काटकोनात बसवायचे. सर्व्होच्या दांड्यावर बारीक दाते असतात, त्यामुळे हात नेमका काटकोनात बसेलच असे नाही. जवळात जवळचा दाता पकडायचा आणि उरलेला बारीक फरक रिमोटमधल्या सब-ट्रिम नावाच्या वेगळ्या सोयीने काढायचा. त्यानंतर स्वॅशप्लेट. ती समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून सपाट दिसली पाहिजे. नसेल तर लिंक काढून अर्धा-अर्धा फेरा फिरवायची. लिंकेचे टोक गोळीवर सहज फिरले पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. उजवी स्टिक पुढे केली की तबकडी पुढे झुकते ना, उजवीकडे केली की उजवीकडे झुकते ना, हे मोठ्याने म्हणून तपासायचे. उलट्या बसलेल्या सर्व्होवर उडालेले यंत्र एक सेकंदही टिकत नाही.

पात्यांकडे वेगळे लक्ष हवे. पाती इतकीच आवळायची की आपल्या वजनाने ती लोंबू नयेत, पण बोटाने हलके ढकलली तर वळावीत. फार घट्ट आवळली तर फिरताना ती आपसूक सरळ होत नाहीत आणि यंत्र थरथरते. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टी लावायची, पंखा फिरवून सुरक्षित अंतरावरून पाहायचे. दोन्ही रंग एकाच रेषेत दिसले तर पाती एका मार्गाने फिरत आहेत. एक रंग वर दिसला तर त्या पात्याचा कोन जास्त आहे. लिंक असेल तर ती अर्धा फेरा फिरवून, नसेल तर पाते बदलून हा फरक काढता येतो. शेवटी जायरो. यंत्र हातात धरून शेपटी एकीकडे झटकन वळवली, की जायरोने ती विरुद्ध दिशेने आणण्याचा प्रयत्न केला पाहिजे. तो त्याच दिशेने ढकलत असेल, तर यंत्र जमिनीवरून उठताच भोवऱ्यासारखे गरगरेल. जायरोची तीव्रता जास्त झाली तर शेपटी कुत्र्याच्या शेपटीसारखी हलते, कमी झाली तर ती भरकटते. दोन्हींच्या मधली जागा शोधायची. हे सगळे उडण्याआधी, टेबलावर कळण्यासारखे आहे.

दुसरा भाग स्वभावाचा. यात मी सर्वांत जास्त जोर एका गोष्टीवर दिला आहे. बहुतेक मॉडेलांचा मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. आपल्या नौदलात दीर्घकाळ सेवा दिलेल्या, मूळ फ्रेंच आराखड्याच्या 'चेतक' हेलिकॉप्टरचाही तसाच फिरतो. अशा यंत्रात शेपटीचा पंखा पीळ थोपवताना सगळे यंत्र डावीकडे ढकलतो. म्हणून जागेवर उभे राहायचे तर यंत्राला किंचित उजवीकडे कलूनच राहावे लागते. उठताना डावा पाय आधी सुटतो, उजवा मागाहून. नवशिका हा कल पाहतो, त्याला वाटते यंत्र वाकडे आहे, आणि तो कल मोडण्यासाठी ट्रिम देतो. यंत्र डावीकडे पळते. तो कल खोट नाही. मोठी हेलिकॉप्टरेही याच कारणाने एका अंगाला किंचित झुकून तरंगतात. दुसरी स्वभावाची गोष्ट जमिनीजवळची. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत येते आणि यंत्र त्या उशीवर डगमगते. घाबरून यंत्र खालीच ठेवणाऱ्याला म्हणूनच सर्वांत जास्त त्रास होतो. तिसरी बॅटरीची. नुकती भरलेली बॅटरी जोरदार असते आणि संपत आलेली मंद. शेपटीला वेगळी मोटर असलेल्या साध्या यंत्रात या फरकाने शेपटीचा रोखही बदलतो. त्यामुळे ट्रिम उड्डाणाचे पहिले मिनिट संपल्यावर पाहावे.

तिसरा भाग खुद्द ट्रिमचा. तो सर्वांत छोटा आहे आणि तो छोटा असणे मला योग्य वाटते. थ्रॉटल हळूहळू वाढवायचा. यंत्र अजून जमिनीवर, पण पाय हलके झाले आहेत, अशा क्षणी ते कुठे वळते ते पाहायचे. आधी नाक. नाक फिरत असेल तर रडरचे ट्रिम. नाक सरळ राहिल्याशिवाय बाजूचे किंवा पुढचे सरकणे खरे समजायचे नाही, कारण वळणाऱ्या यंत्राची डावी-उजवी क्षणाक्षणाला बदलते. मग एलेरॉन, मग एलिव्हेटर. एका वेळी दोन-तीन टिक. टिक देण्यासाठी यंत्र खाली उतरवायचे. हवेत असताना नवशिक्याने स्टिकवरून बोट काढू नये. जमिनीवर पायांचे घर्षण फसवते, म्हणून शेवटचा निर्णय कमरेएवढ्या किंवा डोळ्याएवढ्या उंचीवर घ्यायचा. आणि एक महत्त्वाचा अपवाद : शेपटीचा रोख धरून ठेवणारा जायरो असेल, तर त्याला रडरचे ट्रिम म्हणजे सतत वळण्याचा हुकूम वाटतो. तिथे रडरचे ट्रिम शून्यावरच ठेवावे. एखाद्या बाजूला सात-आठ टिक द्यावे लागले, तर ट्रिम परत शून्यावर आणून यंत्र टेबलावर न्यावे. काहीतरी खोट शिल्लक आहे.

चौथा भाग वाऱ्याचा आहे, आणि तो वसईकरांसाठी मुद्दाम लिहिला आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे आणि मतलई वारे पाठ केले. दिवसा जमीन पाण्याआधी तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री ती आधी निवते म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला हे पुस्तकात वाचावे लागत नाही. आपल्याला त्यातली एक गोष्ट उपयोगाची आहे. मतलई ओसरलेला असतो आणि खारा अजून सुटायचा असतो, अशी सकाळची एक वेळ येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांचे शेंडे त्या वेळी स्थिर उभे असतात. ट्रिम त्याच वेळेत ठरवावे. दुपारनंतर तेच यंत्र उडवले आणि ते पूर्वेकडे सरकू लागले, तर ट्रिमला हात न लावता स्टिकने सांभाळावे. वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. त्याच्यासाठी बदललेले ट्रिम सहा तासांनी खोटे ठरते. पावसाळ्यात बाहेरचे उड्डाण बंद ठेवून यंत्र खोलून साफ करावे.

जागाही नीट निवडायला हवी. राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा असे लांबरुंद किनारे आपल्याकडे आहेत, पण शनिवार-रविवारी तिथे माणसांची जत्रा असते. आठवड्यातल्या दिवशी, ओहोटीच्या वेळी, टणक ओल्या वाळूवर तीन फुटी प्लायवूड टाकून त्यावरून उडवावे. कोकणच्या वाळूत लोहयुक्त काळे कण असतात. ते मोटरच्या चुंबकांना चिकटून आत शिरतात आणि मोटर खाऊन टाकतात. खारी हवा बेअरिंग गंजवते. घरी आल्यावर मऊ ब्रशने वाळू झाडणे, कोरड्या फडक्याने पुसणे आणि बेअरिंगला हलक्या तेलाचा थेंब देणे, यात आळस केला तर दोन महिन्यांत जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात. त्यांच्यापासून लांब राहावे. वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय काहीही उडवू नये. आणि माझ्यासारखी गच्ची तर मुळीच निवडू नये. खाली माणसे चालतात.

सुरक्षेवर मी वेगळा भाग न लिहिता ती प्रत्येक पानात ठेवली आहे. तरी इथे एक हिशेब मांडतो. पात्याचे टोक मध्यापासून ३५० मिलिमीटरवर असेल आणि पंखा मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर होतो. तुमचे पहिले यंत्र याहून लहान असेल, तरी डोळा फोडायला तेही पुरेसे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात, स्वतः बनवलेल्या मोठ्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंखा तुटून एका हरहुन्नरी तरुणाचा जीव गेला. स्वतःच्या हाताने यंत्र घडवून त्यात बसण्याचे त्याचे स्वप्न लहान नव्हते. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी फिरत्या पात्याची भीती आधी शिकवतो. चष्मा घालावा, किमान पाच मीटर अंतर ठेवावे, मुले आपल्या मागे उभी करावीत. आधी थ्रॉटल खाली आणि रिमोट चालू, मग यंत्राची बॅटरी. बंद करताना उलट : आधी यंत्र, मग रिमोट. जायरो जागा होत असताना यंत्राला हात लावू नये.

यंत्राच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीलाही शिस्त लागते. एका सेलला भरल्यावर ४.२ व्होल्ट असतात, ३ व्होल्टच्या खाली तो गेला की बहुधा मरतो, आणि कपाटात ठेवायचा तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जिंगला लावून बाहेर जायचे नाही. मे महिन्यात ती बंद गाडीत विसरायची नाही.

कायद्याचेही भान हवे. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात ड्रोन नियम लागू आहेत आणि पंख्यावर उडणारी मानवरहित यंत्रे त्यांत येतात. २५० ग्रॅमपर्यंतची यंत्रे 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतची 'मायक्रो'. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर दाखवलेले असतात. उडवण्याआधी तो नकाशा पाहावा आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचा तात्पुरता मनाई आदेश नाही ना, याची खात्री करावी. लोकांना त्रास झाला की छंदावर बंदी येते आणि मग ती सगळ्यांनाच भोगावी लागते.

ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे कारण साधे आहे. खोक्यातले माहितीपत्रक बारीक अक्षरांत आणि तुटक भाषेत असते. त्यात 'काय करा' असते, 'का करा' नसते. का हे कळले नाही की हात यंत्रावर विश्वास ठेवत नाही, आणि मग मुले दोन बॅटऱ्या उडवून यंत्र माळ्यावर टाकतात. स्वॅशप्लेट, सर्व्हो, जायरो हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण दुकानदार आणि मैदानावरचे मित्र तेच बोलतात. त्यांचा अर्थ मात्र आपल्या भाषेत उलगडला आहे. दहावीतल्या मुलीला एकटीने वाचून यंत्र जुळवता यावे, अशी माझी कसोटी होती.

वाचकाला शेवटचे सांगणे एवढेच. यंत्र आणल्याच्या पहिल्या दिवशी ते उडवू नका. त्या दिवशी ते टेबलावर ठेवा, वजनाचा मध्य पाहा, स्वॅशप्लेट सपाट करा, पात्यांना रंगीत पट्ट्या लावा. दुसऱ्या सकाळी वारा पडलेला असताना यंत्राच्या पोटाखाली दोन काठ्यांची फुली बांधून, टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावून, शेपटी आपल्याकडे करून ते कमरेएवढे उचला आणि अर्धे मिनिट जागेवर धरा. ते धरता आले आणि ट्रिम शून्यापासून चार टिकांच्या आत राहिले, तर तुमची जुळवणी बरोबर आहे. मग ते टिक एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा. यंत्र पुन्हा कधी भरकटले, तर आधी ती वही उघडा आणि ट्रिमला हात त्यानंतर लावा.